तपेश्वरीचा ढीग आणि रामीबाईचा उकिरडा

डिसेंबरातली सकाळ. सेवालालच्या खळ्यावर दोनेकशे माणसं उकिडवी बसली होती आणि सगळ्यांचे हात सोयाबीनच्या कुटारापुढं जोडलेले होते. कुटार म्हणजे मळणीनंतर उरतो तो भुसा. आमच्या इंझोरीत एरवी बैलाशिवाय त्याच्याकडं कुणी आदरानं पाहत नाही. पण हा दोन पुरुष उंचीचा ढीग भकाभका वाफा सोडत होता. शेंड्यावर हिरवं लुगडं गुंडाळलेलं होतं, त्यावर नारळ होता आणि पायथ्याशी पाट टाकून हरीओम महाराज बसले होते.

"भक्तहो, लाकूड नाही, कोळसा नाही, गॅस नाही, इस्तो नाही! तरी आंच हाय का नाही?"

"हाय!"

"काहून हाय? माता खाली बसून तप करून राह्यली म्हून हाय! बोला, तपेश्वरी माता की..."

"जय!"

महाराजांनी जाड उपरणं गुंडाळलेला हात कोपरापर्यंत घालून ढिगातून एक तांब्या बाहेर काढला. तो रात्रभर आत पुरलेला होता. त्यातलं पाणी त्यांनी पुढच्या ओळीवर शिंपडलं, तशी पुढची ओळ "आई गं" म्हणत मागच्या ओळीवर कोसळली. भाजल्याचा आनंद एवढ्या माणसांना एकदम झालेला मी पहिल्यांदाच पाहिला.

मी तिथं दर्शनाला गेलो नव्हतो. मी पशुधन पर्यवेक्षक, गावाच्या भाषेत ढोराचा डॉक्टर. सेवालालच्या म्हशीला लस टोचायची होती आणि म्हैस धरायला कुणी मिळेना, कारण ज्याच्या त्याच्या हाताला नमस्कार चिकटलेला. माझं डोकं तसंही लवकर तापतं. मी पिशवीतलं थर्मामीटर काढलं, गर्दीतून वाट काढली आणि सरळ ढिगात खुपसलं. पारा सरसर वर जाऊन टोकाला टेकला. म्हैस असती तर मेली असती.

"डॉक्टर," महाराज शांतपणे म्हणाले, "हे नळी तुमी ढोराच्या कोठी घालता?"

दोनशे माणसांनी एकदम श्वास आत ओढला. ते थर्मामीटर मी ढोरांच्या कुठं घालतो हे गावातल्या लेकराबाळांनाही माहीत आहे. शेवटी मला नारळ फोडून मातेची माफी मागावी लागली. विज्ञानाची सुरुवात अशी झाली.

नारळ फोडून वळतो तो ओळीत माझी माय दिसली.

चंपाबाई, वय अडुसष्ट, बारा वर्षांपासून साखरेचा आजार. तिच्या तळपायांची जाणीव गेलेली. चप्पल पायातून निसटून मागं राहते आणि ही बाई अर्धा फर्लांग तशीच चालत जाते. वाशिमच्या डॉक्टरांनी दहा वेळा बजावलं होतं: अनवाणी फिरू नका, गरम पाण्यानं शेकू नका, रोज पाय डोळ्यांनी तपासा, जखम चिघळली तर पाय जाईल. आणि ही बाई पातळ पिंढरीपर्यंत वर खोचून ढिगात पाय घालून निवांत बसली होती.

"माय! तू अथी काय करून राह्यली?"

"काई नाही बाप्पा. पाय शेकून राह्यलो."

"देवीले?"

"मी कोठी देवीले मानतो?" ती दुखावली. "मी हात जोडले का? जय म्हटलं का? कुंकू लावलं का? लोकं जय म्हणते, मी गप बसतो. फक्त शेकतो."

ती खोटं बोलत नव्हती. माझ्या आजानं छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात देव्हारा नाही, कुणाच्या अंगात येत नाही, लिंबू आम्ही फक्त सरबतात घालतो. मायनं तो नेम कडक पाळला होता. पूजा करणाऱ्यांच्या मधोमध बसून ती पूजा न करता भाजून घेत होती.

"कसं लागते पायाले?" मी विचारलं.

"कोमट."

तिच्या शेजारी सेवालालनं त्याच भोकात हात घातला आणि झटक्यात बाहेर काढून फुंकायला लागला. मी मायला जवळजवळ उचलूनच घरी आणलं, पाय उलटेपालटे करून पाहिले. लाल झाले होते, फोड नव्हता. तिच्याकडून शपथ घेतली आणि धाकट्या बहिणीला फोन लावला.

स्नेहा अमरावतीला शिकते. तिच्या पीएचडीचा विषय म्हणजे झाडपाला कुजवणारे जिवाणू. लग्नाच्या गोष्टी निघाल्या की माय हा विषय पाहुण्यांना सांगत नाही, "औषिधीचं शिकते" म्हणते. रविवारी स्नेहा आली ती चिमटे, बाटल्या आणि हातभर लांब दांड्याचं थर्मामीटर घेऊन. सेवालाल साधा माणूस. त्यानं न विचारता सगळं सांगितलं. मळणीच्या दुसऱ्या दिवशी परतीचा पाऊस आला, कुटार भिजलं. वाळत घालायला मजूर मिळेना म्हणून तसंच रचलं. दिवाळीत हा हरीओम महाराज हिंडत आला, ढीग पाहून डोळे मिटले आणि म्हणाला, "अथी माताचा वास हाय."

"वास तं होताच," सेवालाल म्हणाला. "मले वाटे कुजून राह्यलं."

"बरोबर वाटत होतं दादा तुमाले," स्नेहा म्हणाली.

तिचं थर्मामीटर आत गेलं. अडुसष्ट अंश. महाराजांनी नमुने घ्यायला मोठ्या मनानं परवानगी दिली. "घ्या पोरी, माताचा प्रसाद हाय. अमरावतीलेही कळू द्या."

घरी चहा पिताना तिनं मला समजावलं. "दादा, म्हशीच्या पोटात चारा कोण पचवते?"

"जिवाणू," मी म्हणालो. एवढं तर माझं पोटापाण्याचं ज्ञान.

"ढिगातबी तेच चालू हाय. ओलं कुटार, त्यात करोडो जिवाणू. ते काडी खातात, खाताना ऊब निघते. ढीग मोठा असला का ऊब बाहेर पडत नाही, साचत जाते. मंग साधे जिवाणू मरतात आन् ज्याले गरमी मानवते ते वाढतात. आता सांग, लोकं ढिगावर काय वाहतात?"

मी आठवलं. गुळाचं पाणी, दूध, ताक, गोमूत्र.

"म्हंजे दोनशे माणसं रोज जिवाणूले जेवण देऊन राह्यले," ती म्हणाली. "आन् गुरवारी महाराज काय करते?"

"मातेची कूस बदलते. फावड्यानं ढीग उलटा करते."

"हवा! त्याईले हवा लागते. उलटला नाही तं ढीग थंडा पडते. हे ज्याले माईत हाय, त्यानं हे काम कोठीतरी केलं हाय."

ती नमुने घेऊन गेली. काचेच्या बशीत गवताच्या धाग्याची पेज थापायची, तिच्यावर जिवाणू वाढवायचे, मग लाल रंग ओतायचा. ज्यानं धागा खाल्ला त्याच्याभोवती पिवळं कडं उमटतं. अशी कडी काढणारे अकरा जण तिला मिळाले. पण सूक्ष्मदर्शकातून सगळे सारखेच दिसतात, बारीक काड्या. चेहऱ्यावरून ओळख पटत नाही, म्हणून त्यांची जनुकं वाचायची. सोयरीक जुळवताना आपण जसं आडनाव, मूळ गाव, आजोळ विचारत मागं मागं जातो, तसंच हे काम. एक जनुक सगळ्या जिवाणूंत असतं आणि पिढ्यान्‌पिढ्या फार सावकाश बदलतं. दोघांचं जनुक जितकं जुळतं तितकं नातं जवळचं.

जानेवारीत तिचा फोन आला.

"दादा, दहा जणांचे गणगोत सापडले. अकरावा कोणाच्याच घरात बसत नाही. मग त्याचा सगळाच्या सगळा जनुकपट वाचला. एका जातीचे म्हणायचे तर शंभरात पंचाण्णव तरी जुळाले पाह्यजे. याचे सगळ्यांत जवळच्या पाव्हण्याशी चौऱ्यांशीच जुळते. नवीन जात हाय दादा! पण कोणाले सांगू नको, अजून लय तपासाचं हाय."

मी कुणालाही सांगितलं नाही. म्हणजे फक्त पानटपरीवर सांगितलं. बहिणीचा अभिमान भावाला असू नये का? तिथं एका वर्तमानपत्राचा बातमीदार सुपारी कातरत बसला होता हे मला दिसलं होतं. खरं सांगायचं तर तो होता म्हणूनच मी जरा मोठ्यानं सांगितलं.

तिसऱ्या दिवशी छापून आलं: "तपेश्वरीच्या ढिगात जगात कुठेही नसलेला जीव! संशोधकही थक्क! पशुधन पर्यवेक्षक रवी यांची माहिती."

महाराजांनी ते कात्रण मोठं करून ढिगावरच लटकवलं. "पाहा! साइन्सनं हात टेकले! अख्ख्या दुनियेत नाही असा जीव माताच्या पोटी जन्मला! ज्या डॉक्टरानं माताच्या आंगात नळी घातली, त्याच्याच तोंडून मातानं कबूल करून घेतलं!" धनज, केनवडपासून जीपगाड्या भरून माणसं यायला लागली. दोनशेची पाचशे झाली. पाचशे माणसांचा गूळ पिऊन ढीग बहात्तर अंशांवर गेला.

त्या गर्दीत माझी माय पुन्हा होती, हे मला आठवडाभरानं कळलं. तेही डोळ्यांनी नाही, नाकानं. तिच्या पायमोज्याला वास येत होता. मोजा काढला तर उजव्या पायाच्या दोन बोटांवरची कातडी मोज्यासोबतच निघाली.

"काहून गेली होतीस माय? शपथ घेतली होती ना!"

ती माझ्याकडं गोंधळून पाहत म्हणाली, "तुयंच नाव पेपरात आलं ना बापा. मले वाटलं, स्नेहाच म्हणते का काई तरी हाय, तं असंन."

वाशिमच्या दवाखान्यात तिची करंगळी आणि शेजारचं बोट काढावं लागलं. डॉक्टर म्हणाले, आणखी चार दिवस गेले असते तर पाय घोट्यापासून कापावा लागला असता. आणि ती पुन्हा तिथं गेली तर पाय वाचेल याची खात्री ते देणार नाहीत. स्नेहा आली. आल्या आल्या तिनं बातमीचं कात्रण घडी करून माझ्या खिशात कोंबलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

मायला खाटेवर किती दिवस बांधून ठेवणार? गावच रोज ढिगाकडं जात होतं, शेजारणी "चाल वं चंपाबाई" म्हणत होत्या, आणि मायचं म्हणणं एकच: "बोटं साखरेनं गेली. शेकलं म्हून बाकी पाय वाचला." ढीगच मोडल्याशिवाय तिचा पाय वाचणार नव्हता.

स्नेहानं बाटल्या काढल्या. या वेळी ती ढिगाकडं गेलीच नाही. ती गावातले पाच उकिरडे फिरली आणि प्रत्येकातून चमचाभर शेण-कचरा घेऊन गेली. त्यातल्या एका उकिरड्याची मालकीण रामीबाई तिच्या मागंमागं फिरत ओरडत होती, "अवं पोरी, शिकून शिकून हेच शिकली का?"

महिन्याभरानं ती परतली, शाळेमागच्या मैदानात तिनं एक छोटा ढीग रचला आणि आठ दिवसांनी, गुरुवारी, कूस बदलण्याच्या वेळेला सेवालालच्या खळ्यावर उभी राहिली.

"महाराज, तुमच्या मंत्राशिवाय माता जागत नाही ना?"

"त्रिवार नाही!"

"शाळेमागं आमी ओल्या कुटाराचा ढीग केला. शेणाचं पाणी आन् गूळ टाकला. मंत्र आमच्या दादानं म्हटला. दादा, म्हण."

मी घसा खाकरला आणि महाराजांच्याच चालीत ढोरांच्या लसींचं वेळापत्रक सुरू केलं, "लाळ्या-खुरकूत सहा-सहा महिन्यानं स्वाहाऽऽ, घटसर्प पावसाळ्याच्या आंधी स्वाहाऽऽ, फऱ्या वर्षातून एकदा..." लोक खो-खो हसायला लागले. सेवालाल धावत जाऊन शाळेमागं हात घालून आला आणि बोटं फुंकत म्हणाला, "अबे, लसीच्या मंत्रानंबी भाजते!"

महाराजांनी हातानंच हशा दाबला. "आंच तं कोणीबी आणन. पण जगात नाही तो जीव? तो अथीच काहून?"

"मी हेच सांगाले आलो," स्नेहा म्हणाली. "तो जीव मी पाच उकिरड्यांत शोधला. चार उकिरड्यांत सापडला. तो नवीन जन्मला नाही, नवीन आला नाही. तो आपल्या शेणात आजा-पणजापासून हाय. आपण त्याची मोजदाद केली नव्हती, म्हणून कागदावर नवीन."

गर्दीत कुजबूज सुरू झाली. रामीबाई उभी राहिली. "थांब वं. म्हंजे माता माह्या उकिरड्यात बी हाय?"

"सगळ्यात जास्त तुमच्याच, काकू. आन् एक गंमत सांगतो. एकाच जातीतबी घरोघरी थोडा फरक असते. बाकी तीन उकिरड्यांतले जिवाणू ढिगातल्यापेक्षा जरा येगळे हाय. तुमच्या उकिरड्यातला आन् मातेच्या ढिगातला मातर अक्षराले अक्षर जुळते. एकाच घरचे. ते तुमच्या घरून अथी चालत तं आले नाही. कोणी आणले?"

रामीबाईनं डोळे बारीक केले. दिवाळीच्या पाडव्याची आठवण तिच्या चेहऱ्यावर हळूहळू चढताना सगळ्यांना दिसली.

"ह्यानं!" तिनं बोट रोखलं. "पाडव्याले माह्या दारी आला. म्हणे, माय, दोन घमेले खत दे, तुळशीले पाह्यजे. मी म्हटलं तुळस एवढी खाते का? म्हणे, आमच्या आश्रमाची तुळस मोठी हाय!"

महाराजांनी समाधी लावली. सेवालालनं खांद्याला धरून ती मोडली.

"कायचा आश्रम बे? खरं सांग."

"खरं सांगू?" हरीओमचा आवाज एकदम लहान झाला. "मशरूमच्या शेडवर होतो. चार वर्षं. भुशात खत घालाचं, पाणी माराचं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी उलटाचं. दुसरं काई येत नाही मले. शेड बंद पडलं. तुमचा ढीग पाह्यला, वाफ निघून राह्यली होती. दोन बाया हात जोडून उभ्या होत्या. मी काईच बोललो नव्हतो हो! त्याईनंच मले इचारलं, महाराज, हे काय होय?"

आणि त्यातही स्नेहाकडं वळून तो हळूच म्हणाला, "ताई, त्या नवीन जिवाणूले नाव देणार असान ना... हरीओम बसते का?"

"नाव त्याच्या घरावरून देण्याचा इचार हाय," स्नेहा म्हणाली. "रामीबाईच्या."

"किड्याले माह्यं नाव?" रामीबाई कडाडली. "म्या तुयं काय वाकडं केलं?" तो मान असतो हे समजवायला पुढं आठ दिवस लागले. आता ती स्वतःच विचारते, नाव मंजूर करणाऱ्या परदेशी तपासनीसांचा कागद आला का म्हणून.

पण मी इथं वाचकांना फसवणार नाही. एवढं होऊनही अर्धी गर्दी जागची हलली नाही. मागून एक जण म्हणालाच, "महाराज खोटा असन, पण माता खोटी कशावरून? आंच तं खरीच हाय ना!" दोघं-तिघं परत ढिगापुढं टेकायला लागले.

तेव्हा काठी टेकत माय पुढं आली. मी हात द्यायला गेलो, तिनं झिडकारला. पाटावर बसून तिनं भरगर्दीत पट्टी सोडली.

"पाहा," ती म्हणाली. "मी देवीले कदीच मानलं नाही. म्हून मले वाटे, मी लय शहाणी. पण अथी बसलो काहून? तुमी बसले म्हून. परत आलो काहून? पेपरात आलं म्हून. हे गरम काहून हाय, असं मी एकडाव तरी कोणाले इचारलं का? माही पोरगी तेच शिकते, तिलेबी नाही इचारलं. दवाखान्यातून आल्यावरही म्हणो, बोटं साखरेनं गेली. साखरेनं समजलं नाही हे खरं. भाजलं मातर ह्या ढिगानं. दोन बोटं गेली आन् मले दुखलंसुद्धा नाही."

तिनं फावडं मागितलं. तिच्या अंगात उचलायची ताकद नव्हती, ते सेवालालनं उचललं. दुपारपर्यंत त्याचा ढीग त्याच्याच वावरात पसरला गेला. थंड झालेलं ते काळं खत हातात घेऊन माणसं हुंगून पाहत होती. सगळ्यांत जास्त राबला तो हरीओम. खत पसरवण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नाही, आणि सेवालालनं त्याला त्याच कामावर ठेवून घेतलंय.

मायचा पाय वाचला. ती रोज सकाळी उजेडात बसून तळवे पाहते, मी आरसा धरतो.

आता मला जे सांगायचं ते सरळ सांगतो. वाफ खरी होती, आंच खरी होती, नवीन जीवसुद्धा खरा होता. डोळ्यांना दिसलेलं काहीच खोटं नव्हतं. खोटं होतं ते फक्त त्याचं कारण, आणि ते आम्ही कुणी विचारलं नाही. काही अद्भुत दिसलं तर जरूर थांबून पाहा. पण हात जोडण्याआधी, पाय घालण्याआधी, आणि पानटपरीवर तोंड उघडण्याआधी "हे कशानं होतं?" एवढं विचारा, आणि ज्याला ठाऊक आहे त्याला उत्तर शोधायला वेळ द्या. हरीओमनं गावाला चार महिने फसवलं, त्याची माफी त्यानं मागितली. मायला परत त्या ढिगाकडं धाडलं ते माझ्या नावानं छापून आलेल्या बातमीनं, आणि तिची माफी मला अजून नीट मागता आलेली नाही.